आधी वार दाखवा

जनावरांच्या प्रयोगशाळेत नमुने घेणाऱ्या मावशींना सगळे वारमावशी म्हणत. मेंढी गाभडली की लोक मेलेलं कोकरू धुऊन-पुसून, फडक्यात गुंडाळून आणत; आणि जिच्यात रोगाचा माग लागायचा ती कोकरामागून पडणारी वार मात्र कुत्र्यांपुढे टाकून येत. "आणि वार?" हा मावशींचा बावीस वर्षांचा ठरलेला प्रश्न. तोंड फटकळ, पण चहा विचारल्याशिवाय कुणाला परत पाठवायच्या नाहीत.

एक दिवस एक मेंढपाळ कोकरू घेऊन आला. त्याची पाचवी मेंढी गाभडली होती. वार अर्थातच नव्हती.

"तपासून काय मिळणार, मावशी? कारण मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी सून आली, तिचा पायगुण. पोटुशी आहे, तिला माहेरी धाडतोय. परत आणायचं की नाही, ते पुढे बघू."

मावशींना त्याचा रागच आला. तो गिळून त्यांनी विचारलं, "गाभडलेलं उचलतं कोण?"

"तीच."

"हातानं?"

"मग काय पळीनं?"

मावशी ताडकन उठल्या. "आजच्या आज तिला डॉक्टरकडे न्या, आणि मेंढ्या गाभडताहेत हे तिथे सांगा. मेंढवाड्याकडे तिला फिरकू देऊ नका. अहो, तिच्यापासून मेंढ्यांना नाही, मेंढ्यांपासून तिला धोका आहे. आणि हे हातमोजे घ्या. पुढची वार डब्यात घालून तुम्ही आणायची."

चौथ्या दिवशी आणखी एक मेंढी गाभडली आणि वार आली. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंना सूक्ष्मदर्शकाखाली गाभडण्याच्या रोगाचे जंतू सापडले. हा रोग बहुतेक वेळा विकत आणलेल्या जनावराबरोबर येतो आणि पुढच्या वेताला डोकं वर काढतो.

"गेल्या वर्षी नवीन कोण आलं?" मावशींनी विचारलं.

"सांगितलं की, सून."

"आणखी?"

तो डोकं खाजवू लागला. "बाजारातून सहा मेंढ्या. मीच निवडून आणल्या होत्या," तो म्हणाला.

मावशींनी कपात चहा ओतला. मग कप पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "मेंढ्यांचं औषध बाई लिहून देतील. सुनेशी मात्र तुमचं तुम्हालाच बोलावं लागेल."

चार महिन्यांनी तो पुन्हा आला. मागे सून होती, तिच्या हातात गुटगुटीत बाळ. मावशींनी हरखून हात पुढे केले, तर मेंढपाळच आडवा आला.

"आधी साबणानं हात धुवा, मावशी. कोपरापर्यंत. सूनबाईंचा हुकूम आहे, आमच्या घरात तो सगळे पाळतात."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच मावशी उलट न बोलता नळाकडे गेल्या.