राखीव काळातले चौघे

जीप आमदाराची होती आणि आमदार माझे वडील होते. तरी मी पुढच्या सीटवर बसले म्हणून आबासाहेबांनी माझं बखोट धरून मला खाली ओढलं. शाळेचा गणवेश अंगात. गुडघा फुटला.

"बापाला विचार तो कुठं बसतो," आबासाहेब म्हणाले.

भोवतीची सगळी माणसं हसली. दादाही हसले. माझे वडील, मी त्यांना दादा म्हणायची. त्यांनी मला उचललं, जीपच्या मागच्या बाजूला नेलं, स्टेपनीच्या टायरला खेटून बसले आणि मला मांडीवर घेतलं. पुढं ड्रायव्हरशेजारी आबासाहेब. आमच्याकडं पुढची सीट मानाची. जीप गावात शिरली की लोक काचेतून कोण बसलंय ते बघतात आणि मग हात जोडतात. हात आबासाहेबांनाच जोडले जायचे. दादांना लोक स्टेपनी म्हणायचे, तेही तोंडावर. "काय स्टेपनी आमदार, बरंय ना?"

मी आठ-नऊ वर्षांची होते. गुडघा आठवड्यात बरा झाला. दादांचं ते हसणं काही गेलं नाही.

मोहरखेड विधानसभा मतदारसंघ. आता नकाशात शोधू नका, नाही सापडायचा. पुनर्रचनेत त्याचे तीन तुकडे झाले आणि तीन शेजारच्या मतदारसंघांना जोडले. त्याआधी तो आबासाहेबांच्या घरचा होता. त्यांचे आजोबा आमदार, मग वडील आमदार. आबासाहेबांची पाळी आली आणि मतदारसंघ राखीव झाला. घरात सुतक पडलं म्हणे! मग त्यांनी उपाय काढला. बौद्धवाड्यातनं, मांगवाड्यातनं एकेक गरीब, गप्प माणूस हेरायचा, त्याला उभं करायचं, निवडून आणायचं आणि जीपमध्ये मागं बसवायचं. असे चार आमदार झाले. दादा तिसरे. प्राथमिक शाळेत मास्तर होते.

आता मी जपानमध्ये, टोकियोजवळ इचिकावात राहते. नवरा, मुलगी आणि मी. टोकियोत एका आयटी कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्या ऑफिसातल्या मोरी-सान बाईंनी मला बसायचं कसं ते शिकवलं. मीटिंगमध्ये दारापासून लांबची खुर्ची पाहुण्याची. टॅक्सीत मागची सीट साहेबाची आणि ड्रायव्हरशेजारची सगळ्यात ज्युनियर माणसाची. म्हणजे माझी. मी "हाय, हाय", म्हणजे हो, हो, म्हणत मान डोलावली आणि वॉशरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. मोरी-सानना वाटलं, माझं काही चुकलं म्हणून मला वाईट वाटतंय. त्यांना काय सांगू? इथल्या रीतीनं दादा साहेब ठरले असते. पण दादांना मागची जागा कुणी मान म्हणून दिली नव्हती.

तेव्हापासून दादा जास्तच डोळ्यांपुढं यायला लागले. ट्रेनमध्ये कुणाचा धक्का लागला की इथली माणसं "सुमिमासेन", माफ करा, म्हणतात आणि ओशाळं, बारीकसं हसतात. मी दचकते. तेच हसू. सकाळी डबा भरताना, कचरा वेगवेगळा करताना, भर मीटिंगमध्ये. दादा जाऊन सहा वर्षं झाली आणि ते अजून हसताहेत.

मागच्या वर्षी इथल्या महाराष्ट्र मंडळात विश्वजीत आले. आबासाहेबांचे चिरंजीव. एका बँकेच्या टोकियो ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. त्या बँकेचं सॉफ्टवेअर आमची कंपनी सांभाळते आणि माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायचं की नाही ते त्यांच्या शब्दावर. लग्नानंतरचं माझं आडनाव वेगळं, त्यामुळं मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला अहो-जाहो करायचे. "अहो मॅडम, तुमचं काम म्हणजे एक नंबर."

महाराष्ट्र दिनाला आमचं मंडळ इचिकावात हॉल घेतं. दाराशी बूट काढायचे, आतल्या सपाता घालायच्या, मिसळ खायची, जाताना आपला कचरा आपण न्यायचा. यंदा टूम निघाली की प्रत्येकानं आपल्या भागाबद्दल दहा मिनिटं बोलायचं. विश्वजीतनी विषय घेतला, "आमचा हरवलेला मतदारसंघ". मी आपली मुलीला घेऊन तिसऱ्या रांगेत.

पहिली स्लाईड, पणजोबांचा फोटो. दुसरी, आजोबांचा. तिसऱ्या स्लाईडवर आबासाहेब, फेटा बांधलेले. खाली लिहिलेलं: राखीव काळ, मार्गदर्शक.

चार माणसं आमदार झाली. चौघांच्या जागी एक फोटो, आणि तोही पाचव्याचा.

"त्या काळात आमदार कोण, हे महत्त्वाचं नव्हतं," विश्वजीत म्हणाले. "सगळं आबाच बघायचे. एक आमदार तर जीपमध्ये टायरजवळ बसायचा. आम्ही पोरं त्याला स्टेपनी म्हणायचो!"

हॉल हसला. चांगली माणसं सगळी, माझ्या ओळखीची. ज्यांच्या घरी मी पुरणपोळ्या पाठवलेल्या, ती. माझी मुलगी मित्रा, आठ वर्षांची, तीही हसली. सगळे हसले म्हणून. मग माझ्या कानाशी येऊन जपानीत म्हणाली, "दारे?" कोण?

माझं डोकंच फिरलं. कोण म्हणजे काय? तुझे आजोबा!

मी उभी राहिले.

"त्या आमदाराचं नाव सांगा."

"मॅडम, प्रश्न शेवटी घेऊ."

"प्रश्न नाहीये. नाव सांगा."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. खरोखर केला, तेच जास्त लागलं. "किसन की काय होतं बघा. आता काय एवढं..."

"किसन भिवाजी. माझे वडील."

विश्वजीतच्या चेहऱ्यावर केवढा आनंद पसरला म्हणून सांगू! "अगं, म्हणजे तू आपल्या किसनची पोरगी? मग सांगायचं नाहीस का! तू तर आपल्या घरचीच की गं!"

मघापर्यंत मॅडम होते. बापाचं नाव सांगितलं आणि अगं झाले.

"मला अगं म्हणू नका," मी म्हणाले. "आणि मी तुमच्या घरची नाही. माझ्या वडिलांनी मुलींचं वसतिगृह आणलं. तुमच्या आबांना ते आपल्या वस्तीवर हवं होतं. दादांनी बौद्धवाड्याला लागून बांधलं, हटले नाहीत. म्हणून पुढच्या वेळी तिकीट गेलं. हे तुमच्या इतिहासात का नाही?"

कुणीतरी लाऊडस्पीकरवर गाणं लावलं. मी मित्राचा हात धरला, बूट घातले आणि निघाले.

घरी पोचतेय तोवर मंडळाच्या सेक्रेटरी अनघाताईंचा फोन. "अहो, वातावरण किती छान होतं! इथं परदेशात कशाला हो ते जातीचं? विश्वजीत किती मोठ्या मनाचे, काही बोलले नाहीत. ग्रुपवर छोटंसं सॉरी टाका, विषय मिटवून टाकू."

"त्यांनी माझ्या वडिलांना भर सभेत स्टेपनी म्हटलं, ताई."

"गमतीत हो!"

गमतीतच. आमच्या गावातही सगळं गमतीतच चालायचं.

नवरा म्हणाला, "रिन्यूअल होईपर्यंत तरी थांबायचं होतंस." तो वाईट माणूस नाही. घाबरलाय. मीही घाबरलेय. काम गेलं तर व्हिसाचं काय, मित्राच्या शाळेचं काय, सगळं डोक्यात गरगरतंय. पण एक गोष्ट मला त्या हॉलमध्ये कळली. दादा हसायचे ते मला खायला मिळावं म्हणून. मी गप्प बसले असते ती मित्राला खायला मिळावं म्हणून. आणि मित्रा पुढं कुणासाठी गप्प बसली असती? हे कुठंतरी तोडायला हवं. मी तोडलं.

मित्राला समोर बसवून मी दादांचा फोटो दाखवला. आमदार म्हणजे काय ते तिला कळेना, मग तिला कळेल अशा मराठीत आणि माझ्या मोडक्या जपानीत मी ते सांगितलं. बाकीच्या तिघांचीही नावं सांगितली. पहिले, दुसरे, चौथे. त्यांची लेकरं कुठं आहेत मला माहीत नाही. त्यांच्या वतीनं इथं बोलायला दुसरं कुणी नाही.

ग्रुपवर मी लिहिलंय: "सॉरी म्हणणार नाही. ती स्लाईड ग्रुपवर फिरतेय, ती काढा. आबासाहेब त्या काळात आमदार नव्हते. खाली चौघांची नावं देतेय, ती त्या जागी घाला."

निळ्या खुणा आल्यात, म्हणजे सगळ्यांनी वाचलंय. स्लाईड तशीच आहे.

उद्या दहाला विश्वजीत-सानबरोबर मीटिंग आहे. जाणार. काम चोख करणार. आणि काम झाल्यावर, सगळ्यांदेखत, ती स्लाईड बदलली का ते विचारणार. परवा विचारणार. कॉन्ट्रॅक्ट जाईल त्या दिवशीही विचारणार, आणि मग बाहेरून विचारणार. माझ्या बापाच्या पाच वर्षांवर दुसऱ्याचा फोटो मी राहू देणार नाही.