माझा हा-हा कुठंय?

मंडळी, आज मी सूड घेतला. तोही पायजम्यात बसून!

मी आर्किटेक्ट. लॉकडाऊनमुळे ऑफिस सध्या वेंटवर्थव्हिलच्या आमच्या डायनिंग टेबलावर. एका क्लायंटला जुन्या इंग्लिश कंट्री हाउससारखं घर हवंय. तसल्या घरांच्या लॉनच्या टोकाला खोल चर खणतात आणि त्याची घराकडची बाजू भिंतीने बांधून काढतात. पलीकडची गुरं लॉनवर येत नाहीत आणि खिडकीतून कुंपणही दिसत नाही. या प्रकाराचं नावच 'हा-हा'. मी तो ड्रॉइंगमध्ये काढला, वर नाव लिहिलं.

गेल्या महिन्यात बॉसने, म्हणजे ग्रेगने, ते अख्ख्या टीमसमोर मोठ्याने वाचलं. "हा-हा? नो जोक्स इन ड्रॉइंग्ज, मेट!" सगळे खिदळले. मी सांगायला गेले तर त्याने मला म्यूट केलं आणि चर पुसून साधं कुंपण टाकलं. तेव्हापासून ते हसणं माझ्या डोक्यात बसलं होतं.

आज व्हिडिओ कॉलवर क्लायंटने विचारलं, "माझा हा-हा कुठंय?"

ग्रेग खो-खो हसला. एकटाच. क्लायंटने पुन्हा तेच विचारलं.

लगेच मला ग्रेगचा प्रायव्हेट मेसेज: "हा-हा म्हणजे काय? लवकर सांग!"

शेजारून नवरा कुजबुजला, "अगं, सांगून टाक बिचाऱ्याला."

बिचारा? मी शांतपणे टाइप केलं, "नो जोक्स, मेट."

मग अनम्यूट होऊन क्लायंटला माझं जुनं ड्रॉइंग दाखवलं.

आता ग्रेगचा फोन वाजतोय. उचलू, की वाजू दे अजून जरा?