सरांनी लपवलेली माणसं

वानखडे सर गेल्याची बातमी आली तेव्हा टेबलावर सिझेरियनची बाई होती आणि मी तिच्या उशाशी बसून बी.पी. बघत होते. रक्ताची पिशवी आणायला बाहेर गेलेल्या मेश्राम सिस्टर परत आल्या त्या डोळे भरूनच. "मॅडम, सर गेले... घरीच. अटॅक." बाळ रडलं, टाके पडले, बाईला वॉर्डात नेलं, आणि मग मी कपडे बदलायच्या खोलीत भिंतीला टेकून बसले. खरं सांगते, दुःखाच्या आधी भीती आली. आता आम्हाला लपवणार कोण?

हो, लपवणारच. सर आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाचे अधीक्षक, मी भूलतज्ज्ञ. सरकारी दवाखान्यात चांगल्या माणसाचं नाव वर गेलं की पाठोपाठ माणूसही जातो. प्रतिनियुक्ती म्हणतात त्याला. कधी यवतमाळ, कधी नागपूर. इथली जागा कागदावर भरलेलीच राहते, त्यामुळे बदली माणूस मिळत नाही. माझ्या आधीच्या भूलतज्ज्ञाचा जिल्ह्याला सत्कार झाला, नाव सरांनीच सुचवलं होतं. हार सुकायच्या आत ऑर्डर आली. पुढे पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून आलेली एक बाई, भूल द्यायला कुणी नाही म्हणून यवतमाळला पाठवली, ती वाटेतच गेली. सरांनी हे मला एकदाच सांगितलं. त्यानंतर त्यांनी कुणाचीही तारीफ केली नाही.

भीती तशी त्यांच्या घरातलीच होती. वडील राजूरच्या कोळसा खाणीत. ते पाळीवरून परतेपर्यंत आई चूल पेटवायची नाही. सर हे हसत सांगायचे, पण तीच भीती त्यांच्यातही उतरली होती. मोठे साहेब तपासणीला येणार म्हटलं की ऑपरेशन थिएटरमधली आम्ही सगळी चांगली माणसं गायब! एकदा मला लसीकरणाच्या शिबिरावर धाडलं. भूलतज्ज्ञाला, लसीकरणाला! परत आल्यावर मी तडकलेच. "सर, माझं काम दाखवायची लाज वाटते का तुम्हाला?"

"लाज नाही, मॅडम, भेव वाटते मले," सर म्हणाले. "साहेबाच्या नजरेत तुम्ही भरल्या, की गेल्याच समजा."

मला हसू आलं. डॉ. राठोडांना मात्र कधी आलं नाही. आमचे प्रसूतितज्ज्ञ, हात असा की बघत राहावं. वर्षानुवर्षं त्यांचं नाव कुठल्याच बैठकीत निघालं नाही. शेवटी त्यांनी राजीनामा टेबलावर ठेवला, तेव्हा मी तिथेच होते. "एवढ्या वर्षांत तुम्ही एकदा तरी 'बरं केलं' म्हटलं का, सर? मले वाटलं, माह्यावाचून तुमचं काही अडत नाही."

सरांनी आधी उठून दार लावलं. मग म्हणाले, "राठोड, तुम्ही गेले तर हे थिएटर बंद पडते."

"हे आधी सांगाले काय झालं होतं?"

राठोड वणीच्या खाजगी दवाखान्यात गेले. पुष्कळ बायकांना पुन्हा यवतमाळचा रस्ता दाखवावा लागला. अँब्युलन्स फाटकाबाहेर पडली की ती पोचल्याचं कळेपर्यंत सर जेवत नसत. अलीकडे बाहेरून डॉक्टर बोलावून आम्ही जेमतेम थिएटर चालू ठेवलं होतं... आणि सर गेले.

आता पदभार माझ्याकडे आहे. जिल्ह्याच्या बैठकीत, काही विशेष सांगायचंय का, असं विचारलं, तेव्हा मला राठोडांचा चेहरा दिसला. मी उभी राहिले आणि मेश्राम सिस्टरांचं नाव घेतलं. ज्यांच्या जिवावर आमचं थिएटर उभं आहे त्या या, असं सगळ्यांसमोर सांगितलं. टाळ्या वाजल्या. परत येऊन सिस्टरांना सांगितलं तर त्या पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी म्हटलं, मॅडम." मला फार बरं वाटलं. काल दुपारपर्यंत.

काल जिल्ह्याहून फोन आला. "त्या सिस्टरांचं पूर्ण नाव सांगा." सत्कारासाठी की ऑर्डरसाठी, हे विचारायची माझी छाती झाली नाही. नाव सांगितलं. फोन ठेवला तरी उठवेना, सरांच्या खुर्चीचे लाकडी हात मी घट्ट धरून बसले होते. मग सावकाश बोटं सोडवली. तेव्हा दिसलं, नेमकं तिथलंच पॉलिश दोन्हीकडे पार उडून गेलंय.