लवणा उभी आहे

"तू वार लिही. लागला की नाही, ते मी लिहिणार."

हे म्हणताना ती उजव्या हाताचं बोट असं वर करायची, की समोरचा आपोआप मागे सरकायचा. घरमालक म्हणाला, खोली खाली करा. हिचं बोट वर. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, मोरवा नहीं जाएगा". हिचं बोट वर, आणि ही केव्हाच रिक्षात बसलेली. तुम्हाला वाटेल, कसल्याशा मोर्चात शिकलेलं वाक्य असेल. छे हो! ते आलं भुताखेतांच्या खेळातून, आणि तो खेळ चालायचा माझ्या सायबर कॅफेत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. भाईंदर पश्चिमेला, बाजारातल्या एका दुकानाच्या वर मी चार कॉम्प्युटर मांडून बसलो होतो. टेलिफोनच्या लाइनवर इंटरनेट, त्यामुळे जरा वारा सुटला तरी लाइन तोंड फिरवायची. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक कॉलेजची पोरं, चॅटिंगला आलेली. आणि त्यांत ही एकटी तिशीतली बाई. पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात टायपिस्ट होती. काम सुटलं की स्टेशनचा पूल ओलांडून यायची, कोपऱ्यातल्या मशीनवर बसायची आणि कीबोर्ड असा बडवायची की माझा जीव वरखाली व्हायचा.

"ताई, हळू जरा! तुटेल तो."

"भाऊ, कीबोर्ड मजबूत आहे. तुमचंच काळीज कच्चं."

एकदा न राहवून विचारलं, एवढी लांबलचक पत्रं कुणाला लिहिता? ती हसली. "पत्रं नाहीत. आम्ही गोष्ट लिहितोय. सगळे मिळून."

मग तिने मला खुर्ची ओढायला लावून समजावलं. कुठल्या कुठल्या देशांतले लोक एका चॅटरूममध्ये जमायचे. प्रत्येकाने आपलं एक पात्र स्वतः घडवलेलं. गोष्ट एका अंतराळयानावरची. त्यात माणसं, यंत्रमानव, भुतं सगळी एकत्र नांदायची. मनिलाची एक कॉलेजकन्या रक्त पिणारी म्हातारी व्हायची. ब्राझीलमधले एक शाळामास्तर गंजलेला यंत्रमानव. आणि हिचं पात्र, लवणा.

लवणा भाईंदरच्या मिठागरात काम करणारी बाई. भरतीत बुडून मेली, ती मिठाचीच होऊन उठली आणि मीठ न्यायला उतरलेल्या यानात चढून बसली. तिला सावली नव्हती. उन्हात चमकायची. आणि गोड्या पाण्याला जाम घाबरायची.

"भूत ते भूत, त्याला भीती कसली?" मी म्हटलं.

"ज्याला कशाचीच भीती नाही, त्याच्याशी खेळायला कोण येणार, भाऊ?"

या खेळात एक मोठा नियम होता. दुसऱ्याच्या पात्राला आपण हलवायचं नाही. मी तलवार उगारली, एवढंच मी लिहायचं. ती लागली की चुकली, हे ज्याचं पात्र त्यानेच लिहायचं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये असा नियम असता तर निम्मी भांडणं झालीच नसती.

वर्ष-दीड वर्ष हे सुखाने चाललं. मग आपल्याच देशातला एक पोरगा खेळात आला. त्याचं पात्र राजपुत्र. त्याने हिला बाजूला गाठून पूर्ण नाव विचारलं. हिने सांगितलं. मग म्हणे, म्हणजे कोण? हिने तेही सांगितलं. लपवायचंय काय त्यात? "आम्ही बौद्ध. गाव मराठवाड्यात."

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर लिहिलं, लवणा गुडघ्यांवर बसली आणि तिने राजपुत्राचे बूट काढले.

कीबोर्डचा आवाज एकदम बंद झाला, म्हणून मी काउंटर सोडून गेलो.

"माझ्या बाईला त्याने वाकवलं, भाऊ," ती म्हणाली. "माझा आजा गावात बड्या लोकांच्या आळीतून जाताना चपला हातात घेऊन चालायचा. पायात घालायची मुभा नव्हती. म्हणून तर आमच्या लोकांनी गाव सोडलं. आणि हा इथे, पार आभाळात, माझ्याकडून बूट काढून घेतो?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "शिव्या घाला त्याला! मी सांगतो, अस्सल रत्नागिरीच्या."

"नको. शिव्या दिल्या की म्हणतील, भांडखोर आहे. मला नियम पाहिजे."

ती चॅटरूम चालवणारा अमेरिकेतला कोणी होता. त्याचं उत्तर आलं, खेळच तर आहे, सोडून दे. सोडायचं नसेल तर तूच जा. म्हणजे वाकणं मान्य केलं तर लवणा राहणार, नाही तर इतके दिवस जीव लावून घडवलेल्या लवणाला मुकायचं. हिने एकच ओळ टाइप केली, "लवणा उभी आहे." आणि उठून घरी गेली.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. यानावर लढाई झाली, आग लागली, कुठलासा धूमकेतू येऊन आदळला. हिचं आपलं एकच, लवणा उभी आहे. माझ्याकडची पोरं जिन्यातच तिला विचारायला लागली, "आंटी, आज भी खडी है?"

"खडी है, बेटा."

मग त्या अमेरिकेवाल्याने मधला मार्ग काढला. म्हणाला, असं लिही, की खाली पडलेली किल्ली उचलायला ती वाकली. कुणाचंच बिघडत नाही.

ते वाचून ती इतकी हसली की पोरं माना वळवून बघायला लागली. "आजाही असंच सांगायचा, भाऊ. चपला झिजतात, म्हणून हातात घेतो." हसता हसता तिचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने तिने टाइप केलं, लवणा उभी आहे.

खाली लगेच एक ओळ उमटली. मनिलाची रक्तपिपासू म्हातारी लवणाच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिच्या मागोमाग तो ब्राझीलचा यंत्रमानव कुरकुरत आला. म्हणाला, माझे गुडघे गंजलेत, मला तर वाकताच येत नाही. तेव्हा पहिल्यांदा मी तिला डोळ्यांना ओढणी लावताना पाहिलं. मीही काउंटरवर जाऊन उगाच पंख्याचं बटण खालीवर करत बसलो.

दुसऱ्या दिवशी तिघांनाही हाकलून दिलं.

हरली, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं. पण आठवडाभरात तिघांनी स्वतःची चॅटरूम उघडली. जुना नियम होताच, त्यात एका नव्याची भर घातली. इथे कुणाचं पूर्ण नाव विचारायचं नाही. म्हणून मीही तुम्हाला तिचं नाव सांगत नाहीये.

पुढे कारखाना वसईकडे गेला आणि तिनेही तिकडेच घर घेतलं. कोपऱ्यातल्या मशीनवर पोरं बसायला लागली. कीबोर्ड शहाण्यासारखा हळू वाजायला लागला आणि मला काही करमेना. ती पुन्हा आली नाही. तिच्या शेवटच्या संध्याकाळचं तेवढं सांगतो.

मी चहा घेऊन तिच्या मागे उभा होतो. चॅटरूममध्ये कुणी नवीन आला होता, नाव वेगळंच. दोन वाक्यांत तिने ओळखलं. "तोच आहे."

"हाकला!" मी ओरडलो. "काय तोंड घेऊन आला?"

पडद्यावर त्याची ओळ आली, राजपुत्र दाराशी थांबला. त्याने आपले बूट स्वतः काढले आणि हातात घेतले.

"आता कसा!" मी म्हटलं. "राहू दे तसाच अनवाणी."

तिने माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. कीबोर्ड त्या दिवशी तिने अगदी हळू वाजवला.

"बूट घाल आणि आत ये. इथे कुणीही ते हातात घेऊन चालत नाही."