उसातले पाच अक्षरी शब्द

पाच अक्षरांपेक्षा कमी किंवा जास्त अक्षरं असलेल्या इंग्रजी शब्दावर आमच्या दाजींचा काडीचाही विश्वास नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. संगमनेरात त्यांचा टायपिंगचा क्लास होता आणि टायपिंगच्या हिशोबात पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात. हा हिशोब परीक्षेपुरता असतो हे बाकी सगळ्या टायपिंगवाल्यांना कळलं, दाजींना कळलं नाही. क्लास बंद पडला, मशिनं भंगारात गेली, दाजी गावाबाहेरच्या वस्तीवर ऊस आणि गाया सांभाळू लागले. पण चार अक्षरी शब्द त्यांना अजून अर्धपोटी वाटतो आणि सहा अक्षरी म्हणजे निव्वळ उधळपट्टी. मी पुण्याहून गेलो की पाणी विचारायच्या आधी ते अक्षर जाहीर करतात. "पाव्हणं, आज टी. शेवटी टी पायजे. बोला." मी पिशवी खाली ठेवत 'शर्ट' म्हणतो, ते 'कोर्ट' म्हणतात, मी 'फ्रूट', ते 'टोस्ट', आणि माझं घोडं अडल्याशिवाय मला चहा मिळत नाही.

त्यांचे नियमही जाचक. एकदा आलेला शब्द पुन्हा नाही. एसच्या दिवशी 'बुक्स' म्हटलं की ते असं तोंड करतात की वाटावं, मी डेअरीत पाणी घातलेलं दूध आणलंय. "एस लावून कुनीबी पाच करील," ते म्हणतात, "त्यात अक्कल काय लागती?" वेळकाळाचं भान तर विचारूच नका. एका दशक्रियेला नदीकाठी आम्ही पिंडाला कावळा शिवायची वाट बघत बसलो होतो. कावळा काही येईना. दाजी माझ्या कानाशी लागले, "तवर वाय घिऊ." मी नाइलाजाने 'एम्प्टी' पुटपुटलो. त्यावर खूश होऊन ते 'लकी' म्हणाले, ते जरा मोठ्यानंच. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं मागे वळून आमच्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं, ते त्या भागात बिबट्या येईपर्यंत. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं गेलं, मग शेळी गेली. वनखात्यानं पिंजरा लावला आणि सांगितलं की उसातून जाताना मोठ्यानं बोलत जा, आणि वाकून काम करणाऱ्या माणसाजवळ कुणीतरी उभं राहा. कारण वाकलेला माणूस जनावराला लहानसं भक्ष्य वाटतो. आता अक्काचं रोजचं कामच वाकून. गायांसाठी घासाचा हिरवा चारा कापायचा, आणि घासाचा वाफा उसाच्या पार पलीकडे. दाजींची कंबर टायपिंगच्या खुर्चीनं कायमची धरलेली, त्यांना खाली बसता येत नाही. शिवाय संध्याकाळी वीज येते तेव्हा मोटरच्या स्टार्टरपाशी माणूस लागतो. म्हणजे अलीकडे दाजी, पलीकडे अक्का आणि मधे डोक्यावरून दोन हात वर गेलेला ऊस.

बाकीच्या बाया कमरेला मोबाईल खोचून त्यावर गाणी लावायच्या. दाजींना ते पटेना. "गानं मोबाईल म्हंतो," ते मला म्हणाले, "मानूस जित्ता हाय का न्हाई, ते मोबाईलला काय ठावं?" नुसतं 'आहेस का' विचारलं तर दोन दिवसांत अक्का चिडली. मग त्यांनी आपला खेळ काढला. अक्का त्यांच्याच क्लासची विद्यार्थिनी, मिनिटाला चाळीस इंग्रजी शब्दांची परीक्षा पास झालेली. रोज एक अक्षर. इकडून एक शब्द, उसापलीकडून एक. खंड पडू द्यायचा नाही. आरच्या दिवशी मात्र 'टायगर'ला बंदी. बिबट्यालाही आमच्याकडे वाघच म्हणतात, पण शिवारात त्याचं नाव घ्यायचं नाही, नुसतं जनावर म्हणायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता दाजींनी इंग्रजीलाही लावला. "त्येला इंग्रजी येत न्हाई कशावरनं?" असा त्यांचा सवाल होता.

मी होतो त्या दिवशी नेमकं आर होतं. उन्हं उतरली होती, मोटर चालू होती. दाजी 'वॉटर' म्हणाले, पलीकडून 'रिव्हर' आलं. 'शुगर', 'पॉवर'. 'पेपर', 'मोटर'. मग दाजींनी 'चेअर' म्हटलं आणि पलीकडून काहीच आलं नाही.

"अडली अक्का," मी हसून म्हणालो.

दाजींनी हात वर करून मला गप्प केलं आणि स्टार्टरचं लाल बटण दाबलं. वीज असताना त्यांनी मोटर बंद केलेली मी पहिल्यांदा पाहिली. पाणी थांबलं, सगळं शिवार गप्प झालं. "चेअर," ते पुन्हा म्हणाले. थोड्या वेळानं उसापलीकडून अक्काचा आवाज आला, हळू आणि अगदी सपाट.

"टायगर."

दाजी म्हणाले, "पळायचं न्हाई. बोलत चला," आणि उसातल्या वाटेनं निघाले. हातात काठीसुद्धा नाही. "फ्लोअर," ते ओरडले आणि मागे न बघता माझ्याकडे हात केला. भीतीनं माझ्या तोंडून 'मास्टर' निघून गेलं. "सा अक्षरं," दाजी चालता चालता म्हणाले, "दुसरा."

वाफ्यात अक्का न वाकता ताठ उभी होती, हातात विळा. पाटाच्या पलीकडे ते बसलं होतं आणि तिच्याकडे बघत होतं. दाजी तिच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि म्हणाले, "टॉवर." "ऑर्डर," ती म्हणाली. "कव्हर." "ऑफर." दोघांचीही नजर पाटापलीकडून हलत नव्हती. मग ते जनावर उठलं, आमचा कंटाळा आल्यासारखं, आणि उसात शिरलं.

आम्ही स्टार्टरपाशी परत आलो. तिथं मात्र खाली बसता न येणारा माणूस मातीत फतकल मारून बसला. "अहो, मोटर चालू करा, लाईट जाईल," अक्का म्हणाली. त्यांना उठता येईना, शेवटी बटण तिनंच दाबलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही रडू येत होतं.

पुढे जामखेडकडची ऊसतोडीची टोळी आली आणि ऊस तुटून कारखान्याला गेला. त्यानंतर मी गेलो तेव्हा रान मोकळं झालं होतं. स्टार्टरपाशी उभं राहिलं की घास कापणारी अक्का सरळ दिसत होती. खेळ कुणी थांबवला नव्हता, आपोआप थांबला होता.

"आता निवांत झालात दाजी," मी म्हणालो.

"व्हय, दिसती की आता," ते म्हणाले. नजर तिच्याकडेच होती. "पन ऊस उभा हुता तवर ती माझ्याशी जेवढं बोलली, तेवढं लग्नापासनं कदी बोलली न्हवती."

"मग बोला की आता."

"काय बोलायचं?" दाजींनी विचारलं. त्यांना खरंच ते जाणून घ्यायचं होतं. अक्का घासाचं ओझं घेऊन येत होती. ते चार पावलं पुढे गेले, ओझ्याला एका बाजूनं हात लावला, आणि दोघं गोठ्याकडे निघाले.