सुमनबायचे "व्हय महाराजा"

मी लिहिलेला अर्ज आजवर कोणी हात जोडून ऐकला असेल, तर तो मांद्र्याच्या सुमनबायने. पेडण्याच्या मामलेदार कचेरीसमोरच्या माझ्या टेबलापाशी ती प्रथम आली, चपला बाजूला काढून उभी राहिली, आणि देवळात गाऱ्हाणे घालताना गावकरी रुकार देतात तसे माझ्या प्रत्येक वाक्याअखेरीस "व्हय महाराजा" म्हणू लागली. रांगेतले लोक हसले. मला त्यात वावगे वाटले नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे असले, तरी भाषेला मिळालेला मान मला कळतो.

तरीही मी समज दिली, "बाय, हा अर्ज आहे, गाऱ्हाणे नव्हे."

"फरक कितें, बाब? देव फी घेना, तुमी घेतात, तितकोच."

सहा बायकांना हाताशी धरून ती किनाऱ्यावरच्या हॉटेलांना चादरी आणि अभ्रे शिवून देई. हॉटेले पैसे देत तीन महिन्यांनी; म्हणून ती आपली बिले म्हापशाच्या एका वित्त कंपनीकडे सोपवी. कंपनी आपला हिस्सा कापून बाकीची रक्कम लगेच देई आणि यथावकाश हॉटेलांकडून वसूल करी. त्या वर्षी पर्यटक रोडावले, हॉटेले रेंगाळली, तशी कंपनीने आपला हिस्सा दुप्पट केला आणि निम्मी बिले परत धाडली. पणजीची दुसरी कंपनी रास्त दराने बिले घ्यायला राजी होती. परंतु या बिलांवर आपला हक्क उरला नाही, असे पहिलीचे सोडपत्र आल्याविना ती कागदाला हात लावीना, आणि पहिली सोडपत्र देईना. गणपतीची चवथ आठवड्यावर आली होती आणि सहा जणींचे पगार अडले होते.

मी अकरा कलमांचा अर्ज रचला आणि तो टपालाने धाडण्याचा सल्ला दिला. सुमनबाय म्हणाली, "सायबाक वाचूंक वेळ ना. पूण कान आसात मरे."

म्हणून आम्ही आठ जण म्हापशाला गेलो. तिच्या हाती जत्रेतल्या खाज्यांचा पुडा होता. आपण भांडायला चाललो आहोत, याची मी तिला आठवण करून दिली.

"अडचणीक त्यांणीच पयसे दिले न्हय? घर सोडूंक जाय, बाब, वाट मोडूंक जायना." व्यवहार सोडावा, पण येणेजाणे तोडू नये, असा तिचा हिशेब.

व्यवस्थापक मूळचे पेडण्याचेच. मी उभा राहून वाचू लागलो. पहिल्या कलमाला सात बायका एकसुरात म्हणाल्या, "व्हय महाराजा." चौथ्या कलमात मी कंपनीला न्यायालयात खेचण्याचा इशारा दिला होता, त्यालाही तितक्याच भक्तिभावाने रुकार मिळाला. शिपाई दारात येऊन उभा राहिला. सातव्या कलमात मी म्हटले, "तरी सदर सोडपत्र आजच्या आज देण्यात यावे," आणि जन्मभराच्या सवयीने खुद्द व्यवस्थापकांच्याच तोंडून निघून गेले, "व्हय महाराजा."

 सुमनबायने खाज्यांचा पुडा त्यांच्यापुढे सरकवला. "जालें, साहेब. रुकार दिलो तुमी. आतां फाटीं घेवं येना."

व्यवस्थापकांनी कपाळाला हात लावला, एक खाजे तोंडात टाकले आणि सोडपत्रावर सही केली. उरलेली चार कलमे वाचण्याची माझी तयारी होती. कोणी विचारले नाही. चवथीआधी पगार झाले.

गेल्या वर्षी सुमनबाय गेली. तेराव्याला मी चार शब्द लिहून नेले होते. "मृतात्म्यास शांती लाभो," असे म्हणून मी सवयीने थांबलो. रुकार आला नाही. मी कागदाची घडी घालू लागलो, तेव्हा मागच्या रांगेतून एक ओळखीचा आवाज आला, "व्हय महाराजा."

मी मान वर करून पाहिले. म्हापशाचे व्यवस्थापक हात जोडून उभे होते, आणि त्यांच्या चपला दाराबाहेर होत्या.