डावीकडून झडणारी संख्या

एकाच आकड्याचे किस्से साठावेत तरी किती! पण अमेरिकेतल्या या कॅरी गावातल्या आमच्या शनिवारच्या मंडळात दुसरं साठतंय काय? गुडघेदुखी, आणि हा: ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७.

मी सातवी पास. लेकीकडे आल्यावर इथल्या लायब्ररीत बसून गणित एकटीनं शिकले, कुणाचे उपकार नाहीत! ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भाग जात नाही. डावीकडचा तीन खोडा, उरलेलीही मूळ. मग पाच खोडा, तरी मूळ. शेवटचा सात उरेपर्यंत हेच! दर शनिवारी माझी मैत्रीण नलू ती तोंडपाठ म्हणते, मग मंडळ सुरू. चुकलं की मान दुसऱ्याला, हा नियम माझाच. आणि यंदा नलूला विसर पडू लागलाय.

*

श्रीपादराव फार्मा कंपनीतून रिटायर झालेले. म्हणाले, "योगायोग असेल हो, सुमनताई."

"एकदा घडला तर योगायोग. शेवटपर्यंत घडत जातो, त्याला काय म्हणाल?"

 त्यांनी हळूच बूट काढले, देवळात शिरताना काढतात तसे, आणि खुर्चीखाली सरकवले!

*

मंडळाच्या वाढदिवसाला केकवर हाच आकडा काढून घेतला. श्रीपादरावांनी सुरी घातली ती उजवीकडून, सातच उडवला!

"अहो, काय केलंत! आता तिनानं भाग जातो!"

"जातो ना? मग तिघांतच संपवू!"

*

डावीकडे एक अंक जोडून ही संख्या लांबवायचीच, असा मी हट्ट धरला. दोन, पाच, आठ जोडून पाहिले. तिघांनाही तिनानं खाल्लं. तीन जोडला, सातानं खाल्लं. सहाला अकरानं. उरलेले चार रियानं, माझ्या नातीनं, कॉम्प्युटरवर टाकले.

"आजी, नन ऑफ देम. धिस इज द बिगेस्ट. याच्यापुढे नाहीच."

"कुणी ठरवलं?"

"नोबडी, आजी. इट जस्ट इज."

कुणीच बांधली नाही, आणि तरी तिथे भिंत आहे!

*

गेल्या शनिवारी नलूला मुलगा घेऊन आला. मंदार, आयटीतला. दारातच मला म्हणाला, "मावशी, आज म्हणायचा मान दुसऱ्या कुणाला द्या ना. चुकली की आई घरी येऊन रडते."

"चुकली तर देईन. नियम म्हणजे नियम!"

नलू उभी राहिली. पदर मुठीत घट्ट धरला. मग एकदम म्हणाली, "सहा, सात, सहा, दोन, नऊ, एक, तीन, सात."

मंदारनं डोळे मिटले. "आई, आधीचं सगळं गेलं गं."

"ए मंदार," मी म्हटलं, "इंजिनिअर ना तू? काढ फोन. तिनं म्हटलेल्याला भाग घालून दाखव."

तो घालत बसला. कुणी चहाला हात लावला नाही.

"जातो का रे?" नलूनं विचारलं.

"नाही गं आई. कशानंच नाही जात."